ल्युसिल विकत घेतली, तर बी. बी. किंग यांचा आवाज मिळतो का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा आहे: सहा-सात वर्षे गिटार वाजवल्यानंतर अमेरिकी ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांच्या नावाची ‘ल्युसिल’ ही गिटार घेण्याचा विचार पक्का होत आला आहे. ती घेतल्यावर त्यांचा तो गाणारा आवाज मिळेल का, गिब्सनची ल्युसिल परवडत नसेल तर गिब्सनच्याच स्वस्त ब्रँडची, म्हणजे एपिफोनची चालेल का, आणि तिच्या अंगावर इतर सेमी-हॉलो (अर्धपोकळ अंगाच्या) गिटारींसारखी एफ-होल, म्हणजे एफ अक्षराच्या आकाराची छिद्रे, का नसतात, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. शेवटी तुम्ही असेही विचारले आहे की, कलाकाराच्या निधनानंतर त्याच्या नावाची गिटार विकत घेण्यात त्याच्या वारशाचा काही अंश खरोखर आपल्याकडे येतो का. गिटारदुरुस्ती आणि ब्लूजवादन या दोन्ही गोष्टी मी पोटापाण्यासाठी करतो आणि अशा गिटारी माझ्या टेबलावर नेहमी येतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी सरळ उत्तर देतो. तो आवाज गिटारीबरोबर मिळत नाही. तरीही ल्युसिल ही केवळ नाव छापून महाग केलेली गिटारही नाही. सतत दौऱ्यावर असलेल्या एका वादकाला रंगमंचावर रोज ज्या अडचणी यायच्या, त्यांवरचे उपाय तिच्यात एकत्र केलेले आहेत. तुमच्या अडचणी त्याच असतील, तर ती घेण्यात अर्थ आहे. नसतील, तर तेवढ्या पैशात तुम्हाला अधिक उपयोगी वाद्य मिळू शकते.

हे नीट कळायचे, तर ल्युसिल ही कधीच एक गिटार नव्हती, इथून सुरुवात करावी लागेल. रायली बी. किंग यांचा जन्म 16 सप्टेंबर 1925 रोजी मिसिसिपीत, इट्टा बेना या गावाजवळ झाला. तरुणपणी ते इंडियानोला परिसरातील कापसाच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवत असत. पुढे ते मेम्फिसला आले आणि डब्ल्यूडीआयए या रेडिओ केंद्रावर निवेदन आणि गायन करू लागले. बील स्ट्रीटवरचा ब्लूज बॉय म्हणून त्यांची जी ओळख झाली, तिचेच संक्षिप्त रूप म्हणजे ‘बी. बी.’ त्या दिवसांत आसपासच्या लहान गावांतील नाचघरांत ते वाजवायला जात. 1949 च्या हिवाळ्यात अर्कान्सामधील ट्विस्ट या गावी अशाच एका लाकडी नाचघरात ऊब राहावी म्हणून एका पिंपात रॉकेल पेटवून ठेवले होते. दोन माणसांत मारामारी झाली, पिंप कलंडले आणि आग पसरली. सगळ्यांबरोबर किंगही बाहेर धावले. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आले की गिटार आतच राहिली आहे, आणि ते पुन्हा त्या जळत्या इमारतीत शिरले. ती गिब्सनची साधी एल-30 होती, किंमत तीसेक डॉलर. दुसऱ्या दिवशी त्यांना कळले की आगीत दोन माणसे गेली आणि ते भांडण तिथे काम करणाऱ्या ल्युसिल नावाच्या स्त्रीवरून झाले होते. असा वेडेपणा आपल्या हातून पुन्हा होऊ नये, याची आठवण राहावी म्हणून त्यांनी गिटारीला ते नाव दिले.

नंतर ते नाव एका गिटारीकडून दुसऱ्या गिटारीकडे जात राहिले. सुरुवातीच्या छायाचित्रांत त्यांच्या हातात फेंडरची एस्क्वायरही दिसते. पुढे गिब्सनच्या रुंद पोकळ अंगाच्या ईएस-5, बर्डलँड अशा गिटारी आल्या, आणि अखेर ते 1958 पासून निघालेल्या सेमी-हॉलो कुटुंबाकडे, म्हणजे ईएस-335, ईएस-345 आणि विशेषतः ईएस-355 कडे वळून तिथेच स्थिरावले. त्यांच्या नावाचे अधिकृत मॉडेल गिब्सनने 1980 मध्ये बाजारात आणले. ‘थ्री ओ’क्लॉक ब्लूज’ 1952 मध्ये आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, शिकागोच्या रीगल थिएटरमधील ती प्रसिद्ध मैफल 21 नोव्हेंबर 1964 रोजी ध्वनिमुद्रित झाली, आणि ‘द थ्रिल इज गॉन’ 1969 च्या अखेरीस आले. ज्या ध्वनिमुद्रणांमुळे जग त्यांना ओळखते, त्यांतली ही सगळी सिग्नेचर गिटार, म्हणजे कलाकाराच्या नावाचे मॉडेल, अस्तित्वात येण्याच्या खूप आधीची आहेत. तुमच्या कानात जो आवाज बसला आहे, तो बहुतेक याच काळातला असणार. म्हणजे तो आवाज आधी घडला, गिटार मागाहून आली. खरेदीचा निर्णय घेताना हा क्रम विसरू नका.

आता एफ-होलचा प्रश्न. माझ्या मते या गिटारीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. पोकळ अंगाची गिटार मोठ्या आवाजाच्या अॅम्पसमोर धरली की अॅम्पचा आवाज तिच्या पातळ लाकडाला आणि आतल्या हवेला हलवतो, त्यामुळे तारा हलतात, पिकअप (तारांचे कंपन टिपणारा चुंबकीय भाग) ते कंपन पुन्हा अॅम्पकडे पाठवतो आणि हे चक्र वाढत जाऊन एकच सूर घुमायला लागतो. हाच फीडबॅक. 1958 च्या ईएस-335 मध्ये गिब्सनने अंगाच्या मधोमध मेपलचा सलग ठोकळा बसवला आणि ही घुमण्याची सवय बरीच आटोक्यात आणली. तरी दोन्ही बाजूंचे पंख पोकळच राहिले आणि त्यांना एफ-होल राहिली. मोठी सभागृहे, पितळी वाद्यांचा ताफा आणि त्यावर मात करणारा अॅम्प अशा स्थितीत किंग यांना हे पुरेसे नव्हते. ते एफ-होलमध्ये कापडाचे बोळे, टॉवेल असे काहीबाही कोंबून वाजवत. 1980 चे मॉडेल ठरवताना त्यांची मागणी हीच होती की छिद्रे बंदच करा. म्हणून ल्युसिलचे अंग आतून सेमी-हॉलो असूनही वरचा पृष्ठभाग सलग आहे.

सिग्नेचर गिटारींत साधारणपणे काहीतरी वाढवले जाते: वेगळा रंग, हेडस्टॉकवर (खुंट्या बसवलेल्या टोकावर) सही, सोन्याचा मुलामा. ल्युसिलमध्येही तो थाट आहे, हेडस्टॉकवर शिंपल्यात कोरलेले नावही आहे. पण तिची खरी ओळख काढून टाकलेल्या गोष्टीत आहे, आणि ती काढण्यामागे रोजच्या कामातले ठोस कारण आहे. दुरुस्ती करणाऱ्याला याचा वेगळा फायदाही होतो. एफ-होलवाल्या सेमी-हॉलोमध्ये एखादा पॉट (नॉबखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) बदलायचा झाला, तर सगळी वायरिंग दोरे बांधून एफ-होलमधून बाहेर ओढावी लागते आणि नवा पॉट त्याच दोऱ्याने पुन्हा आत खेचून भोकात आणावा लागतो. शेवटची नट आवळेपर्यंत जीव मुठीत असतो. ल्युसिलच्या पाठीवर झाकण आहे. ते उघडले की सर्किट समोर येते.

आता बाकीचे भाग पाहू. टेलपीस, म्हणजे तारा अंगावर जिथे अडकवतात तो भाग, टीपी-6 प्रकारचा आहे. त्यात प्रत्येक तारेसाठी मागे एक बारीक स्क्रू असतो आणि तो उजव्या हाताच्या बोटांनी फिरवून, गाणे सुरू असतानाही, तार किंचित चढवता किंवा उतरवता येते. तारा सतत ओढणाऱ्या वादकाला याची किंमत कळते. नेक मेपलचा आहे. गिब्सनच्या बहुतेक गिटारींच्या नेकला महोगनी असते आणि त्यांचा मागे कललेला हेडस्टॉक गिटार पडली की नटच्या, म्हणजे तारा जिच्यावरून खुंट्यांकडे जातात त्या खाचदार पट्टीच्या, मागे तडकतो, हे दुरुस्तीच्या दुकानात सतत दिसते. मेपल त्यामानाने चिवट आहे, आणि सुरुवातीचा टणत्कारही जरा स्पष्ट मिळतो. फिंगरबोर्ड एबनीचा आहे.

व्हॅरिटोन या आवाजाचा पोत बदलणाऱ्या फिरत्या नॉबबद्दल मात्र तुम्हाला सावध करतो, कारण ल्युसिल नवीन घेतलेले लोक सर्वांत जास्त तक्रार त्याचीच करतात. त्याला सहा खुणा असतात. पहिल्या खुणेवर तो सर्किटमधून बाजूला होतो आणि पिकअपचा आवाज जसाच्या तसा जातो. पुढच्या प्रत्येक खुणेवर एक कॉइल आणि वेगवेगळ्या क्षमतेचा कपॅसिटर मिळून आवाजाच्या मधल्या पट्ट्यातील एक ठरावीक भाग कापतात, आणि खूण बदलली की हा कापलेला भाग खालीवर सरकतो. त्यामुळे आवाज पातळ, नाकातला आणि थोडा हळू होतो. याला बॅटरी नाही, म्हणजे हा नॉब काही वाढवू शकत नाही, फक्त कमी करू शकतो. काही जण तो काढूनच टाका म्हणतात. मी त्यांना तो तसाच ठेवून पहिल्या खुणेवर वाजवायला सांगतो, कारण काढल्यावर गिटारीची मूळ स्थिती बदलते आणि विकताना किंमत उतरते. दुसरी गोष्ट जॅकची. ल्युसिलला मोनो आणि स्टिरिओ असे दोन जॅक असतात. साधी केबल स्टिरिओ जॅकमध्ये गेली तर एकाच पिकअपचा आवाज येतो आणि माणसाला वाटते गिटार बिघडली. दुकानातच दोन्ही जॅक तपासून पाहा.

हे सगळे झाले वाद्याबद्दल. आता हाताबद्दल लिहितो, कारण तुम्ही ज्याला ‘गाणारा आवाज’ म्हणता, तो इथे आहे.

किंग यांच्या आईच्या नात्यातला बुका व्हाइट स्लाइड गिटार, म्हणजे तारेवरून नळी सरकवत वाजवायची गिटार, वाजवत असे. तारेवरून सरकणाऱ्या त्या लांब, थरथरत्या सुरांचे किंग यांना वेड होते, पण स्लाइड त्यांना जमली नाही. म्हणून तोच परिणाम केवळ बोटाने साधण्याचा प्रयत्न त्यांनी केला आणि त्यातून त्यांचा तो विलक्षण व्हायब्रेटो, म्हणजे सुराचा कंप, निर्माण झाला. त्यांच्या कोणत्याही मैफलीचे चित्रण लावा आणि फक्त डाव्या हाताकडे पाहा. लांब सूर आला की पहिले बोट तारेवर रोवलेले असते, अंगठा नेकच्या मागून सुटतो, बाकीची बोटे हवेत पंखासारखी पसरतात आणि मनगट दाराच्या मुठीसारखे झटपट मागे-पुढे फिरते. तार बोटाने घासली जात नाही; बोट एका बिंदूवर स्थिर असते आणि सगळा हात त्या बिंदूभोवती वळतो. बहुतेक विद्यार्थी अंगठा नेकवर घट्ट ठेवून केवळ बोट हलवतात, त्यामुळे त्यांचा कंप आखडलेला आणि असमान होतो. अंगठा सोडण्याची भीती जाईपर्यंत, गिटारीचा पट्टा नीट बांधून, उभे राहून सराव करा. मेट्रोनोम 60 वर ठेवा आणि एका ठोक्यात आधी दोन, मग तीन, मग चार वेळा कंप द्या. तो घड्याळासारखा समान झाल्यावरच वेग वाढवा.

दुसरी गोष्ट बोटांच्या जागेची. गिटारवादक जिला ‘बी. बी. बॉक्स’ म्हणतात, ती जागा फार छोटी आहे. समजा, स्केल ए आहे. मग दुसऱ्या, म्हणजे बी तारेवर दहाव्या फ्रेटला तुमचा षड्ज आहे. तिथे पहिले बोट ठेवा. त्याच तारेवर बाराव्या फ्रेटला ऋषभ आहे. पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटला पंचम आहे, आणि तिसऱ्या तारेवर अकराव्या फ्रेटला शुद्ध धैवत. त्यांची निम्मी वाक्ये एवढ्याच चौकटीत घडतात. खरे कसब बाराव्या फ्रेटवरच्या ऋषभात आहे. ती तार अर्धा स्वर ओढली की कोमल गंधार येतो आणि पूर्ण स्वर ओढली की शुद्ध गंधार. किंग पुष्कळदा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी थांबतात, आणि तिथे किती वेळ थांबायचे, हे गाण्यातल्या ओळीवरून ठरवतात. मींड ऐकत वाढलेल्या कानाला हे पटकन उमजते. फक्त इथे फ्रेटवर घसरत जायचे नाही, एकाच जागी तार ढकलून त्या सुरापर्यंत पोहोचायचे आहे. आणि तो शुद्ध धैवत विसरू नका. फक्त मायनर पेंटाटॉनिक, म्हणजे कोमल गंधाराचे पाच सुरांचे स्केल, वाजवणाऱ्यांच्या वादनात जो गोडवा कमी पडतो, तो या सुरात आहे. टी-बोन वॉकर, लॉनी जॉन्सन, चार्ली ख्रिश्चन आणि जँगो राइनहार्ट या ब्लूज आणि जॅझच्या गिटारवादकांना किंग किती लक्ष देऊन ऐकत, हे या निवडीतून कळते. त्यांचा ब्लूज मिसिसिपीच्या मातीतला आहे, पण त्याने जॅझचे स्वरज्ञान मनापासून आत्मसात केले होते.

तिसरी गोष्ट म्हणजे मौन. किंग गाताना गिटार वाजवत नसत. ओळ गायची, थांबायचे, मग ल्युसिलने उत्तर द्यायचे, असा तो संवाद असे. कॉर्ड वाजवणे आपल्याला फारसे येत नाही, असे ते स्वतः मोकळेपणाने सांगत. कॉर्डचे काम ताफ्यातील इतर वादकांकडे होते, त्यामुळे गिटारीचा प्रत्येक सूर मोकळ्या जागेत उमटत असे. तुम्ही एकटे खोलीत बसून त्यांची वाक्ये वाजवता तेव्हा ती अपुरी वाटतात, याचे कारण हेच. त्यांच्या आधी जी गायलेली ओळ हवी, ती तिथे नसते. माझा आग्रह आहे की, गळा कसाही असो, आधी गाऊन पाहा आणि मग गिटारीवर उत्तर द्या. दोन-तीन महिन्यांत तुमच्या वाक्यांची लांबी आपोआप बदलेल. श्वास संपतो तिथे वाक्य संपते, हे गिटारवादकाला कुणी शिकवत नाही. गायकाला ते शरीरच शिकवते.

तारांबद्दलही थोडे सांगतो. त्यांच्या नावाने निघालेल्या गिब्सनच्या संचात पहिली तार .010 इंच जाडीची आणि सहावी .054 ची आहे. म्हणजे वरच्या तारा ओढायला सोयीच्या आणि खालच्या जाड. ब्लूज वाजवायचा तर जाड तारा हव्यातच, हा समज आपल्याकडे फार पसरला आहे, आणि त्यापायी मनगट दुखावून घेतलेले तरुण मी पाहतो. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन .013 ची पहिली तार वापरत, हे खरे आहे, पण ते गिटार अर्धा स्वर उतरवून वाजवत आणि त्यांचा हातही वेगळा होता. किंग यांचा भरदार सूर तुलनेने बारीक तारांवरून निघाला आहे.

अॅम्पच्या बाबतीतही त्यांची निवड अनेकांच्या समजुतीविरुद्ध जाते. अनेक वर्षे ते लॅब सिरीज एल5 हा ट्रान्झिस्टरवर चालणारा अॅम्प वापरत. गिब्सनची तेव्हाची मालक कंपनी नॉरलिन हिने मूग कंपनीच्या मदतीने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात तो बनवला होता. मोठ्या आवाजातही तो न फाटता स्वच्छ राहतो. म्हणजे ट्यूब अॅम्पशिवाय ब्लूज नाही, हा आग्रह निदान त्यांच्या बाबतीत लागू पडत नाही. तुमच्याकडे मोकळा, स्वच्छ राहणारा चांगला अॅम्प नसेल, तर ल्युसिलआधी त्याचा विचार करा. मी तर म्हणेन, गिटारीच्या बजेटमधला निदान तिसरा हिस्सा अॅम्पसाठी राखून ठेवा.

आता वारशाच्या प्रश्नाकडे येतो. कलाकाराच्या नावाची गिटार ही गिब्सनसाठी जुनी गोष्ट आहे. 1920 च्या दशकात निक लुकास यांच्या नावाने आणि 1952 मध्ये लेस पॉल यांच्या नावाने त्यांनी गिटारी काढल्या. फेंडरने मात्र 1988 मध्ये एरिक क्लॅप्टन यांच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर आणून ही प्रथा सुरू केली. स्टीव्ही रे व्हॉन 27 ऑगस्ट 1990 रोजी हेलिकॉप्टर अपघातात गेले आणि त्यांच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर 1992 मध्ये बाजारात आली. तिच्यावर डावखुऱ्यांसाठीचा ट्रेमोलो (सूर खालीवर करणारी दांडी) आहे, कारण त्यांच्या स्वतःच्या गिटारीवर तसाच होता. ब्लूज गिटारवादक बडी गाय यांच्या गिटारीवरचे ते पांढरे ठिपके आईला दिलेल्या एका शब्दाची आठवण म्हणून आहेत, असे ते सांगतात. 2011 मध्ये मुंबईत मेहबूब स्टुडिओत झालेल्या पहिल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात त्यांना ऐकलेल्या मराठी श्रोत्यांना ते ठिपके नक्की आठवत असतील. त्या संध्याकाळी जो आवाज उमटत होता, त्यात ठिपक्यांचा वाटा किती होता, हे तिथे असलेल्या कुणालाही विचारून पाहा.

बडी गाय हे या प्रश्नासाठी चांगले उदाहरण आहे, कारण किंग यांच्याकडून त्यांनी खूप घेतले आणि ते तसे उघडपणे सांगतातही. पण त्यांनी किंग यांची गिटार घेतली नाही. त्यांनी तार ओढण्याची पद्धत घेतली, एका सुरात गाणे सांगण्याची हिंमत घेतली, आणि ती पूर्णपणे वेगळ्या, सॉलिड बॉडीच्या (भरीव अंगाच्या) वाद्यावर, वेगळ्या, जवळजवळ अंगावर येणाऱ्या स्वभावाने मांडली. ब्लूजवादक अल्बर्ट किंग यांच्याकडे गिब्सनची व्ही आकाराची फ्लाइंग व्ही होती. आणखी एक ब्लूजवादक फ्रेडी किंग यांच्याकडे ईएस-345 होती, म्हणजे ल्युसिलची सख्खी बहीणच, तरीही पहिल्या चार सुरांत तो वादक बी. बी. नाही हे ओळखू येते. एकाच घराण्यातले वाद्य इतके वेगवेगळे बोलते, यावरून वारसा कशातून पुढे जातो याचा अंदाज येतो.

वस्तूलाही मोल असते, हे मी नाकारत नाही. किंग यांच्या 80 व्या वाढदिवसानिमित्त 2005 मध्ये गिब्सनने 80 ल्युसिल काढल्या आणि त्यांतला पहिला नमुना त्यांना भेट दिला. तो 2009 मध्ये चोरीला गेला. पुढे लास वेगासमधील एका जुन्या वस्तूंच्या दुकानात एका गिटारप्रेमीने नकळत तीच गिटार विकत घेतली आणि कुणाची आहे ते कळताच त्यांना परत केली. किंग 14 मे 2015 रोजी गेले. सप्टेंबर 2019 मध्ये त्यांच्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा वाढदिवसाची ती गिटार 280,000 डॉलरला गेली. ती रक्कम त्या गिटारीच्या लाकडाची नव्हे, तिच्यावरून फिरलेल्या हाताची होती, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पण दुकानातल्या नव्या ल्युसिलवर तो हात कधी फिरलेला नसतो. मेम्फिसमध्ये बील स्ट्रीटवरून त्यांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा त्यांचे स्नेही, गायक बॉबी ब्लँड यांचा मुलगा पुढे ल्युसिल घेऊन चालत होता. इंडियानोलात 2008 मध्ये उघडलेल्या त्यांच्या संग्रहालयाच्या आवारातच त्यांची समाधी आहे. त्यांचा वारसा वस्तूंच्या रूपात पाहायचा असेल, तर त्याची जागा तिथे आहे.

खरेदीबद्दल आता अगदी व्यवहाराचे बोलतो. तुम्ही बँडबरोबर मोठ्या आवाजात वाजवत असाल, मॉनिटर (वादकाला स्वतःचे वादन ऐकू यावे म्हणून ठेवलेला स्पीकर) पायाशी असतो आणि सेमी-हॉलो घुमते म्हणून तुम्ही हैराण असाल, तर एपिफोनची ल्युसिल ही माझी पहिली शिफारस आहे. बंद पृष्ठभाग, मधला ठोकळा, व्हॅरिटोन, नाव कोरलेला हेडस्टॉक हे सगळे तिच्यात आहे. गिब्सनच्या तुलनेत पिकअप, नायट्रोसेल्युलोज लॅकर, फ्रेटची घडण आणि अखेरची सफाई यांत फरक पडतो. त्यातला फ्रेटचा आणि नटचा फरक एका नीट सेटअपने (दुरुस्ती करणाऱ्याकडून केलेल्या जुळणीने) बराच भरून निघतो. पिकअप नंतर बदलता येतात. आधी वर्षभर तसेच वाजवा. गिब्सनची ल्युसिल काही लाखांत जाते. तुम्ही व्यावसायिक वादक असाल आणि ती रोज रंगमंचावर नेणार असाल, तरच ती रक्कम घालावी, असे माझे मत आहे. घरातच वाजवणार असाल, तर कोणत्याही चांगल्या बनावटीची, मधला ठोकळा असलेली, एफ-होलवाली सेमी-हॉलो घ्या. घरातल्या आवाजात फीडबॅक येत नाही, आणि ज्या कारणासाठी छिद्रे बंद केली, ते कारणच तिथे उरत नाही.

जुनी ल्युसिल मिळत असेल, तर पाहणी अशी करा. हेडस्टॉकच्या मागे, नटच्या जवळ, लॅकरमध्ये केसासारखी रेघ आहे का, ते तिरप्या उजेडात पाहा. टीपी-6 चे सहाही स्क्रू शेवटपर्यंत मोकळे फिरतात का आणि कोणी एखादा पूर्ण आवळून ठेवला आहे का, ते तपासा. व्हॅरिटोनच्या सहाही खुणा फिरवून खरखर ऐका. ती थोडी असेल तर साफ केल्याने जाते. पाठीचे झाकण उघडू दिले, तर मूळ सोल्डरिंग आहे की कुणी मध्येच हात घातला आहे, हे लगेच दिसेल. आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः मुंबई आणि कोकणात, हवेतील ओलाव्यामुळे नेकचा बाक बदलतो. अंगाचे लाकूड प्लायचे असल्याने त्याला फारसे होत नाही, पण जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुमारास ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी आतली सळई) तपासून घ्यावा लागतो. गिब्सनच्या नायट्रो लॅकरवर काही स्टँडचे रबर चिकटून कायमचा डाग पडतो. स्टँडवर सुती कापड गुंडाळा, किंवा गिटार केसमध्येच ठेवा.

दुकानात गेल्यावर अॅम्प स्वच्छ ठेवा, रिव्हर्ब अगदी थोडा ठेवा, व्हॅरिटोन पहिल्या खुणेवर आणा, आणि दहाव्या फ्रेटवरचा तो षड्ज एकदाच वाजवून पूर्ण विझेपर्यंत ऐका. मग हीच गोष्ट शेजारच्या एखाद्या साध्या ईएस-335 वर करा. दोन्ही वेळा तुमचा कंप सारखाच राहत असेल, तर निर्णय गिटारीच्या आवाजावर घेता येईल. तो डळमळत असेल, तर सध्या पैसे राखून ठेवा आणि आहे त्या गिटारीवर सहा महिने केवळ तेवढे एक काम करा. गिटारी दुकानात मिळतच राहतील.